मुशी, बेट आणि तांडेलाची वही

प्रश्न : मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकते आणि प्रकल्पासाठी सहा महिने लक्षद्वीपला जाणार आहे. ताई, बेटांवरच्या मच्छीमारांना 'मुशी (म्हणजे शार्क) धरू नका' हे पटवायचं कसं? मालदीवने २०१० मध्ये सरळ बंदी घातली आणि ती टिकली, मग आपल्या बेटांवर तसंच का करू नये? आणखी एक, आमच्या घरी मोरी, म्हणजे बाजारात येणारी मुशी, आवडीने खातात. ती बंद करायला सांगू का?

उत्तर :

'पटवायचं' हा शब्द तू रत्नागिरीतच ठेवून जा. मी चोवीस वर्षं मासळी उतरण्याच्या धक्क्यांवर काढली, त्यातली बरीचशी लक्षद्वीप, अंदमान आणि मालदीवच्या बेटांवर. एवढ्या वर्षांत मुशीचं महत्त्व पटलं म्हणून कुणी मुशी धरायची सोडली, असं मला एकाही बेटावर दिसलं नाही. ज्यांनी सोडली, त्यांच्या घरी चार पैसे दुसऱ्या वाटेने यायला लागले होते. जिथे ती वाट नव्हती तिथे कायद्याने एवढंच झालं की मुशी दिवसाऐवजी रात्री उतरायला लागली आणि माझ्यासारखीच्या नोंदवहीतून नाहीशी झाली. समुद्रातून होत होती तेवढी कमी होतच राहिली.

मालदीवची बंदी टिकली हे खरं आहे. पण ती कशाच्या आधारावर टिकली ते बघितल्याशिवाय ती उचलून दुसऱ्या बेटावर नेऊ नये, म्हणून आधी त्याबद्दलच थोडं लांबून सांगते.

मालदीवची भाषा धिवेही. आपल्या लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर बोलतात ती महल हीच तिची बोली, त्यामुळे हे शब्द तुला कामाला येतील. मुशीला तिथे मियरु म्हणतात. जुन्या काळी मियरु धरायचे ते मुख्यतः तेलासाठी. धोनी म्हणजे तिथली लाकडी होडी, आणि लाकूड खाऱ्या पाण्यात कुजू नये, किडू नये म्हणून तिला मुशीच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, तेल चोपडायचं. माझ्या आजोबांच्या होडीलाही हेच तेल लागायचं. उन्हात पालथ्या घातलेल्या होडीजवळून गेलं की तो उग्र वास कपड्यांना धरून घरात यायचा आणि आजी अंगणातूनच ओरडायची. एका बेटाला वर्षाकाठी तेल लागून लागून किती लागणार? तेवढ्यापुरत्याच मुशी मरायच्या.

१९७४ नंतर धोनींना इंजिनं बसली, पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि तेलाची गरज सरली. आता मुशी सुटायला हवी होती, पण नेमका तेव्हाच बाहेरचा बाजार दाराशी आला. १९८० च्या सुमारास मालदीवमध्ये खोल पाण्यातली गल्पर शार्क धरायला सुरुवात झाली. हिरव्या काचेसारख्या मोठ्या डोळ्यांची, काळपट, मध्यम आकाराची ही मुशी प्रवाळाच्या उतारावर, सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा खोलीवर राहते. तिच्या काळजात स्क्वालिन नावाचं तेल भरपूर असतं आणि त्याला जपानमध्ये चांगला भाव होता. चार-पाच वर्षं पैसा आला. मग दोर खाली सोडावा आणि रिकामा वर यावा असं व्हायला लागलं, आणि दशक उलटताना तो धंदा बसला. त्यात नवल काही नव्हतं. ही मादी वयात यायलाच दीड दशक घेते, गाभण राहिली की जवळजवळ दोन वर्षं, आणि एवढं करून पिल्लं होतात एक किंवा दोन. बांगडा एका हंगामात हजारो अंडी सोडतो, म्हणून आपण त्याच्यावर वर्षानुवर्षं जाळं टाकू शकतो. बांगड्याचं गणित मुशीला लावलं की ती संपते. ही एक गोष्ट तुला तिथे कुणाला शिकवावी लागणार नाही, कारण जुन्या मच्छीमारांनी मुशीचं पोट फाडून पिल्लं स्वतः मोजलेली असतात.

खोल पाण्यातली मुशी संपली तशी किनाऱ्याजवळची, प्रवाळावरची मुशी परांसाठी मारली जाऊ लागली. इथे पहिली तक्रार आली ती टूना धरणाऱ्यांकडून. पर्यावरणवाल्यांचा तेव्हा त्यात कुठेच पत्ता नव्हता.

मालदीवचं पोट टूनावर चालतं. टूना म्हणजे आपल्याकडचे कुपा, गेदर यांची जात. तिथे ती काठी-दोरीने धरतात : माणसागणिक एक काठी, एक दोर आणि काटा नसलेला एकच गळ. होडीच्या कडेने पाण्याचे फवारे सोडायचे, जिवंत बारीक मासळी फेकायची, टूना पिसाळल्यासारखी वर येते आणि माणसं एकामागून एक उपसत राहतात. या पद्धतीत मुशी चुकूनसुद्धा फारशी सापडत नाही. या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव असा, की समुद्रात वाहत आलेल्या ओंडक्याखाली टूनाचा थवा असेल तर सोबत रेशमी अंगाची मुशीही असते, आणि मुशी काढून टाकली की थवा विस्कटतो. त्या मुशीला ते ओइवाली मियरु म्हणतात, ओइवाली म्हणजे तरंगतं लाकूड. शास्त्राच्या कसोटीवर हा समज कितपत उतरतो हा वेगळा विषय. पण त्या समजामुळे देशातला सर्वांत मोठा मच्छीमार वर्ग मुशी मारणाऱ्यांच्या विरोधात उभा होता, आणि धोरण ठरवताना हीच गोष्ट जड ठरते.

दुसरी बाजू पाण्याखाली डुबकी मारायला येणाऱ्या पाहुण्यांची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मालदीवमधल्या मुशीच्या मासेमारीचा जो अभ्यास झाला त्यात एक आकडा निघाला, आणि पुढची तीस वर्षं तो जगभर फिरला. अरी अटोलमध्ये (अटोल म्हणजे उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली प्रवाळबेटं) एक प्रसिद्ध जागा आहे, पाहुणे तिला 'फिश हेड' म्हणतात. तिथली एक जिवंत करडी मुशी वर्षाला ३३,५०० डॉलरचा पर्यटन व्यवसाय देते आणि तीच मारून विकली तर हातात येतात ३२ डॉलर, असा तो हिशेब. या जागेचं धिवेही नाव मुशिमसमिंगिली थिला. नाव ऐकून फसू नकोस, मीही सुरुवातीला फसले होते. तिथे मुशिमस म्हणजे आपली मुशी नव्हे, तो मोठ्या डोळ्यांचा, वीतभर लांबीचा थव्याने फिरणारा मासा.

पुढचा क्रम बघ. १९९५ मध्ये फिश हेडसह डुबकीच्या काही जागा राखीव झाल्या आणि त्याच वर्षी व्हेल शार्कला संरक्षण मिळालं. १९९८ मध्ये पर्यटनाच्या सात अटोलांत मुशी धरायला दहा वर्षांची मनाई झाली. २००९ मध्ये अटोलांच्या कडेपासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रवाळावरच्या मुशीला हात लावायचा नाही असं ठरलं. आणि २०१० मध्ये देशाच्या संपूर्ण सागरी हद्दीत बंदी आली, त्याबरोबर व्यापार आणि निर्यातही थांबली. तू 'सरळ बंदी घातली' म्हणतेस त्या बंदीला पंधरा वर्षं लागलेली आहेत. प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशाने त्याआधी २००९ मध्ये आपला सगळा समुद्र मुशींसाठी अभयारण्य म्हणून जाहीर केला होता, तो जगातला पहिला. तिथेही मागे डुबकीचं पर्यटन भक्कम उभं होतं.

आता या बंदीखाली कोणते वासे होते ते बघ. मुशीवरच पोट असलेले लोक मूठभर आणि काही मोजक्या बेटांवर होते. त्यांची जाळी, गळ, दोर सरकारने विकत घेतले. बाकीचा मच्छीमार टूनावर, म्हणजे बंदीने त्याचं काहीच जात नव्हतं. पर्यटनाचा पैसा मोठा होता. आणि एक गोष्ट अशी घडली जिचा या संदर्भात फारसा कुणी उल्लेख करत नाही, पण माझ्या मते तिचं वजन मोठं आहे : साधारण त्याच सुमारास, २००९-१० मध्ये, लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालवायला परवानगी मिळाली. त्याआधी पाहुणे निर्मनुष्य बेटांवरच्या रिसॉर्टमध्ये उतरायचे आणि गावकऱ्याच्या वाट्याला आली तर तिथली नोकरी. आता मच्छीमाराचा पुतण्या स्वतःच्या घराच्या वर दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवू लागला, त्यांना मुशी दाखवायला नेऊ लागला. दक्षिणेकडच्या फुवामुलाला बंदरात टाकलेल्या मासळीच्या आतड्या-डोक्यांवर टायगर शार्क जमायच्या. गावाला त्या नेहमीच्याच होत्या. आज त्याच बघायला जगभरातून लोक येतात आणि त्या बेटाचं नाव टायगर शार्कमुळे ओळखलं जातं. बंदीला लोकांनी मनापासून हात दिला तो इथून पुढे.

इतकं सगळं जमून आलं, आणि तरीही एक धागा सुटला. तो मला एका दुपारी दिसला.

दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या धोनीवर मी नोंदी घ्यायला गेले होते. हातदोराने पिवळ्या पराची मोठी टूना धरत होते, तिला ते कन्नेळी म्हणतात. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तिथे तांडेलाला केयोळू म्हणतात. दोराला ताण आला तसे दोघं ओढायला लागले. दहा-बारा मिनिटं झाली असतील, मासा होडीखाली आलाच होता, आणि दोर एकदम ढिला पडला. वर आलं ते नुसतं डोकं. कल्ल्यांच्या मागे विळ्याने कापावं तसा गोल, साफ काप. रक्तसुद्धा फारसं नव्हतं. तोंड अजून उघडझाप करत होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी पाण्याकडे पाहिलंही नाही. तांडेलाने ते डोकं ताणकाट्याला लावलं, वजन बघितलं आणि केबिनमधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली शाळेची वही काढली. धिवेहीची थाना लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून वही त्याने उलटीकडून उघडली. प्रत्येक पानावर आलेल्या माशांचे वजनाचे आकडे, आणि मध्येच कुठेकुठे पेनाने काढलेला छोटा त्रिकोण, मुशीच्या पाठीवरच्या परासारखा. त्या दिवशीचा त्रिकोण त्याने काढला. त्या एका पानावर मी अकरा त्रिकोण मोजले.

अर्धवट चावलेला मासा निर्यातीला चालत नाही. डोकं घरी जातं, कालवणाला. डिझेल, बर्फ, चाऱ्यासाठी घालवलेली रात्र, सगळं खर्चाला लागलेलंच असतं. तो मला म्हणाला, "मियरु वाढलेत, मला कुणी सांगायला नको. त्यांना बघायला येणारा पाहुणा पैसे मोजतो, ते गेस्टहाउसवाल्याला. मियरु खातो तो मासा मात्र माझा."

मी त्याला काय उत्तर देणार होते? समुद्राचा समतोल, साखळीच्या टोकावरचा प्राणी, हे सगळं मला पाठ होतं आणि ते सगळं खरं आहे. पण त्याच्या वहीत ते मांडायला रकाना नव्हता. माझी त्या दिवसापासूनची समजूत अशी : मुशी वाचल्याचा फायदा ज्याला होतो आणि तिची किंमत जो मोजतो, ती दोन वेगळी घरं असतील, तर बंदीच्या पायात तिथूनच चिरा जायला सुरुवात होते. जुन्या मुशीमारांना पैसे मिळाले, पण या हातदोरवाल्याचं नुकसान होईल हे कुणी धरलंच नव्हतं.

चिरा गेल्याही. २०२१ मध्ये मालदीवच्या सरकारी पातळीवरून बंदी सैल करण्याचा विचार बोलून दाखवला गेला. लोकांनी जोरदार विरोध केला आणि सरकारला तसा बेत नसल्याचं जाहीर करावं लागलं. पण २०२५ मध्ये गल्पर शार्कची मासेमारी परत सुरू करण्याचा निर्णय जाहीर झालाच. चाळीस वर्षांपूर्वी जी मुशी एका दशकात संपवली, तीच. मी या निर्णयाच्या पूर्ण विरोधात आहे. तिचा जननाचा वेग चाळीस वर्षांत बदललेला नाही आणि बदलणारही नाही. खोल पाण्यात ती डुबकीवाल्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी ओरडणारं गेस्टहाउस नाही. म्हणूनच तिचा नंबर पहिला लागला असं मला वाटतं.

आता उलट टोकाचं बेट बघ. इंडोनेशियात लोंबोकच्या पूर्व किनाऱ्यावर तांजुंग लुआर नावाचं बंदर आहे. तिथे मुशी ही चुकून आलेली मासळी नाही, तो मुख्य धंदा आहे. होड्या सुंबा बेटाच्या दिशेने लांब निघतात, लांब दोरीला शेकडो गळ लावून मुशी आणतात. होडी मालकाची, डिझेल-रेशनचे पैसे आगाऊ उचललेले, फेरी रिकामी गेली तर ते अंगावर. बहुतेकांकडे दुसरी कला नाही, शेत नाही, आणि मुशीत मिळतं तेवढं दुसऱ्या मासळीत मिळत नाही. उद्या तिथे मालदीवसारखी बंदी आली तर ती कोण पाळणार? पाळायची म्हटली तरी कशाच्या जोरावर?

मग पैसे देऊन मुशी सोडवता येईल का? इंडोनेशियातच लहान मच्छीमारांवर हा प्रयोग झाला : जाळ्यात आलेली हातोडी मुशी किंवा तिच्या नात्यातला धोक्यात असलेला पाकटीसारखा चपटा मासा जिवंत सोडा, चित्रण दाखवा आणि मोबदला घ्या. बऱ्याच लोकांनी प्रामाणिकपणे सोडले. पण ज्यांना मोबदला मिळत होता आणि ज्यांना मिळत नव्हता त्यांची तुलना केल्यावर दिसलं की काही होड्यांनी मोबदल्यासाठी मुद्दाम जास्त धरायला सुरुवात केली होती, आणि हातोडी मुशीच्या बाबतीत एकूण मरण कमी होण्याऐवजी वाढलं होतं. अभ्यासकांनी ते लपवलं नाही, स्वतः प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. तुझ्या प्रकल्पात 'सोडलेल्या मुशी' एवढाच आकडा असेल तर तो तुला चकवेल. शेजारच्या गावात, जिथे पैसे नाहीत तिथे, काय चाललंय तेही मोज.

घाईच्या बंदीचं आपलं स्वतःचं उदाहरण आहेच. जुलै २००१ मध्ये केंद्राने सगळ्या मुशी आणि पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकल्या, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. किनाऱ्यावरून ओरड झाली आणि डिसेंबर २००१ मध्ये यादी दहा प्रजातींवर आली. पुढे २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकायला मनाई झाली, २०१५ मध्ये परांची निर्यात थांबली, २०२२ च्या दुरुस्तीत यादी वाढली. पण २००१ च्या त्या सहा महिन्यांनी धक्क्यावरचा विश्वास जो गेला तो भरून यायला वर्षं लागली. त्या काळात मी वही घेऊन दिसले की मुशीच्या पाट्यांवर ताडपत्री पडायची.

याच देशात जमलेलंही आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारली जायची. तिला २००१ मध्ये संरक्षण मिळालं. पण कायद्याने झालं नसतं ते २००४ पासून 'व्हाली', म्हणजे लाडकी, या नावाच्या मोहिमेने केलं : रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. हा दाखला आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मात्र तिथेही नुसत्या लेकीच्या नात्यावर भागलं नाही, तिला सोडवताना कापलेल्या जाळ्याचे पैसे वनखाते देतं. आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही रक्कम पुरते का यावर धक्क्यावर वाद होतात, ते व्हायलाच हवेत. पण नुकसान कुणाचं झालं हे सरकारने ओळखलं, ही सुरुवात मला मोलाची वाटते.

म्हणून लक्षद्वीपला पोहोचलीस की मालदीवची मोजपट्टी लावून बघ. वस्तीची दहा बेटं. काठी-दोरीची टूना आहे, मिनिकॉयला तर ती पिढीजात आहे, बायका मासमीन करतात, टूना उकडून, धुरी देऊन, वाळवून. म्हणजे पहिला वासा आहे. पर्यटन मात्र परवान्यावर, थोडं. डुबकीवाल्या पाहुण्याचा पैसा मच्छीमाराच्या घरी येतो असं तिथे नाही. दुसरा वासा नाही. तेव्हा तिथे मुशीचा प्रश्न टूनाच्या भावाशी बांधलेला आहे. टूनाला भाव पडला, मासमीन पडून राहिलं, की माणूस दुसरं काहीतरी धरणारच, आणि प्रवाळावर मुशीसारखं मोठं दुसरं काय आहे? मासमीनला चांगला, वेळेवर मिळणारा भाव हे मुशी वाचवण्याचं काम आहे, असं मी तिथल्या बैठकीत बोलले की नवखे अधिकारी गोंधळतात. धक्क्यावरचे लोक मान हलवतात. अंदमानचं गणित आणखी वेगळं, तिथे वेगवेगळ्या प्रांतांतून येऊन वसलेले लोक लांब दोरीने मुद्दाम मुशी धरत आले आहेत, त्यामुळे एका बेटाचं उत्तर दुसऱ्यावर चिकटवू नकोस.

नुकसान कमी करण्याचे काही साधे उपाय आहेत, ते तू बरोबर ने, कारण रिकाम्या हाताने उपदेश करणाऱ्याला कुणी चहा विचारत नाही. गळाजवळचा दोर पोलादी तारेचा असेल तर मुशी सुटू शकत नाही. नायलॉनचा असेल तर ती चावून निघून जाते, माणसाचा एक गळ जातो पण तिचा जीव वाचतो आणि होडीवरची झटापट टळते. चावे सुरू झाले की तिथेच अडून बसण्यापेक्षा जागा बदललेली परवडते. मासेमारीच्या जागेवर आतडी-डोकी टाकू नयेत, मुशी त्या जागेला आणि इंजिनाच्या आवाजाला सरावते. सोडायची असेल तर तिला शेपटीने उचलून होडीत घ्यायचं नाही. तिच्या अंगात आपल्यासारखा हाडांचा पिंजरा नाही, पाण्याबाहेर स्वतःच्या वजनानेच आतले अवयव दबतात. पाण्यातच ठेवून गळाच्या जितकं जवळ जमेल तितक्या जवळ दोर कापायचा.

मोरीचं विचारलंस ते बरं केलंस. घरात भांडण काढू नकोस. आपल्या बाजारात पाटीत येते ती बहुतेक लहान जातीची, हातभर लांबीची. तिच्यावरही ताण आहे, पण मोठ्या मुशीइतकी ती सावकाश वाढत नाही. मोठ्या मुशीचे तुकडे असतील तर ते मात्र घेऊ नका. आणि एक गोष्ट घरातल्या बायांना स्पष्ट सांग : बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी द्यायची आपली पद्धत आहे, मलाही आईने दिली होती. पण मुशी दुसऱ्या माशांवर जगते, त्यामुळे त्यांच्यातला पारा तिच्या मांसात साठत जातो, आणि मुशी जितकी मोठी आणि वयस्क तितका जास्त. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ती टाळावी. त्याऐवजी पेडवे, तारली, बांगडा द्या.

शेवटी तुझ्या कामाचं. पहिले दोन महिने काही विचारू नकोस. पहाटे धक्क्यावर जा, बायका मासळी निवडतात तिथे बस, हात लाव. मोजपट्टी बरोबर ठेव, पण लहान मुशी आली तर लांबी नंतर घे. आधी तिला उताणी कर आणि छातीच्या दोन परांच्या मध्ये बघ. पिल्लू नुकतं जन्मलेलं असेल तर तिथे नाळेची खूण असते, बारीक चिरेसारखी. काही आठवड्यांत ती मिटते. खूण उघडी असेल तर पिल्लू दूरवरून आलेलं नाही, जवळच कुठेतरी जन्मलंय. मग ज्याचं जाळं असेल त्याला एवढंच विचार, काका, काल रात्री जाळं कुठे लावलं होतंत? तो खडकाचं, खाडीचं, लगूनमधल्या (प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यातल्या) कोपऱ्याचं जे नाव सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घे. अशी पंचवीस-तीस नावं जमली की तीनच कोपरे परत परत येताना दिसतील. सगळ्या समुद्रात मुशी धरू नका असं सांगण्यापेक्षा, पिल्लांच्या दिवसांत त्या तीन कोपऱ्यांत जाळं लावू नका, हे मागणं कितीतरी लहान आहे. ते मागायला जाशील तेव्हा वही बरोबर ने, आणि नावं त्यांनीच दिलेली आहेत हे त्यांना दाखव.